ॲक्युपंक्चरवाल्याला इंजेक्शन देता येतं का? फ्लोरिडाचं लायसन्स, ते ६० तास, आणि सिरिंजमध्ये नक्की काय भरायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून बीएएमएस केलेल्या एक ताई लग्नानंतर टॅम्पाला आल्या, इथे ॲक्युपंक्चरचा मास्टर्स आता संपतच आलाय. कॉलेजमध्ये सगळे म्हणतात की लायसन्स मिळालं की बी-१२ आणि लिडोकेनची (जागा बधिर करणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं पॉइंटवर देता येतात, खरं का? त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं का? वीकेंडचा कोर्स चालतो का? आणि भाऊ नाशिकला ॲक्युपंक्चर क्लिनिक चालवतो, त्यालाही हेच सुरू करायचंय, तर इथलं सर्टिफिकेट त्याला तिकडे उपयोगी पडेल का?

मी फ्लोरिडातच बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय, पॉइंट इंजेक्शनही करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. आणि आधीच सांगतो, उत्तर "हो, पण" असं आहे आणि त्यातला "पण" फार मोठा आहे, कारण या विषयात लोक दोन वेगळे कायदे एकात मिसळतात. तुम्ही हायपोडर्मिक, म्हणजे इंजेक्शनची पोकळ सुई पेशंटच्या अंगात घालू शकता का, हे राज्याचं बोर्ड ठरवतं. त्या सुईमागच्या सिरिंजमध्ये जे औषध आहे ते तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आलंय का, हे बघणारे लोक वेगळे, त्यांचा कायदा वेगळा, आणि तुमच्या भिंतीवर लायसन्स फ्रेम करून लावलंय याच्याशी त्यांना काहीही घेणंदेणं नाही. मी बघितलेल्या बहुतेक भानगडी पहिल्या परवानगीवरून होत नाहीत, दुसरीवरून होतात.

आधी सुईचं बघू, ते सोपं आहे. फ्लोरिडात ॲक्युपंक्चरचा कायदा म्हणजे स्टॅट्यूटचं चॅप्टर ४५७. त्यात ॲक्युपंक्चरला प्राथमिक आरोग्यसेवा म्हटलंय, आणि सुया, मोक्सा (औषधी पाला जाळून दिलेला शेक), सुयांतून सौम्य वीज, औषधी वनस्पती, आहार असं सगळं सांगून शेवटी "बोर्ड नियमाने ठरवेल त्या पूरक थेरपी" असं एक दार उघडं ठेवलंय. त्या दारातून इंजेक्शन आत आलं. नियम ६४बी१-४.०१२, १ मार्च २००२ पासून लागू. नियमाचा गाभा असा की औषधी वनस्पती, होमिओपॅथिक आणि इतर पोषक द्रव्यं, तीसुद्धा निर्जंतुक स्वरूपात, ॲक्युपंक्चर पॉइंटमध्ये हायपोडर्मिक सुईने देता येतील, शिरेतून मात्र नाही. कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी, वेदना कमी करण्यासाठी, ॲक्युपंक्चर ॲनेस्थेशियासाठी, आजार टाळण्यासाठी. आणि हे करायच्या आधी ६० तासांचं शिक्षण हवं.

म्हणजे ताई, "इंजेक्शनचं वेगळं लायसन्स" असं काही इथे नाहीये. लायसन्स एकच, ॲक्युपंक्चर फिजिशियनचं, ज्याला आपण सगळे एपी म्हणतो. त्याला हे ६० तास जोडले की इंजेक्शन तुमच्या कक्षेत येतं. फ्लोरिडातल्या बऱ्याच कॉलेजांनी हे तास मुख्य अभ्यासक्रमातच बसवलेत, त्यामुळे पैसे भरून बाहेरचा कोर्स करायच्या आधी स्वतःची ट्रान्स्क्रिप्ट नीट वाचा, रजिस्ट्रारला विचारा की हे तास कुठल्या विषयात मोजलेत. आमच्याकडे एकजण असाच तोच विषय दोनदा शिकून आला, कॉलेजात एकदा आणि हॉटेलच्या हॉलमध्ये एकदा.

बीएएमएसबद्दल स्पष्टच बोलतो, राग मानू नका. तुम्ही तिकडे इंटर्नशिपमध्ये हजार इंजेक्शनं दिली असतील, हात बसलेला असेल, पण इथे ते शून्य धरायचं. इथे मास्टर्स, राष्ट्रीय परीक्षा म्हणजे सगळे ज्याला एनसीसीएओएम म्हणतात त्या, क्लीन नीडल टेक्निकचा कोर्स, आणि मग बोर्डाचा अर्ज. लायसन्स हातात येईपर्यंत घरच्या माणसांना, मंडळातल्या काकूंना, देवळातल्या ओळखीच्यांनासुद्धा बी-१२ टोचायचं नाही. फ्लोरिडात विनालायसन्स आरोग्यसेवा देणं हा थर्ड डिग्री फेलनी, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा आहे, नुसता दंड भरून सुटण्यातला प्रकार नाही, आणि तुमच्या व्हिसाचं किंवा ग्रीनकार्डचं काम चालू असेल तर एक फेलनी पुढचं सगळंच गोत्यात आणते. मराठी मंडळींत "अगं तू डॉक्टरच आहेस ना, दे ना एक इंजेक्शन" हे फार सहज म्हणतात, तिथे तोंडावर नाही म्हणायची सवय आत्तापासूनच करा.

आता वीकेंड कोर्स. ६० तासांत काय शिकवायचं हे नियमातच दिलंय: इतिहास, विभेदक निदान, इंजेक्शनच्या द्रव्यांचे गुण आणि कुणाला काय द्यायचं नाही ते, ॲनाटॉमीची उजळणी, पेशंट पुढे कधी रेफर करायचा, रक्त आणि स्राव हाताळायची काळजी, ट्रे लावणं, पेशंटची तयारी, पॉइंटमध्ये इंजेक्शन द्यायची पद्धत, आणि प्रत्यक्ष पेशंटवरची प्रॅक्टिस. ही यादी बघितल्यावर तुमच्या लक्षात येईल की नुसते व्हिडिओ बघून यातलं शेवटचं काहीच होणार नाही. कोर्सवाल्यांच्या जाहिरातीत "सर्टिफाइड इन इंजेक्शन थेरपी" मोठ्या अक्षरात असतं आणि प्रत्यक्ष हात किती तास चालवायला मिळणार ते कुठेच नसतं. फोन करून तेच विचारायचं. शिकवणारा स्वतः फ्लोरिडाचा लायसन्सधारक आहे का, सर्टिफिकेटवर तासांची फोड लिहून देता का, सिलॅबस देता का. गोलगोल उत्तर मिळालं तर दुसरा कोर्स बघा.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर ६० तास पुरतात ते इंजेक्शनच्या तंत्रापुरते, औषधशास्त्रासाठी अजिबात पुरत नाहीत. आपण बारीक सुया घालायला शिकलेले लोक आहोत. ती सुई भरीव असते, ती जागेवरून काढली की विषय संपला. इंजेक्शन दिलं की तुम्ही आत काहीतरी सोडून आलात, आणि ते परत ओढून घेता येत नाही. एवढा एक फरक डोक्यात पक्का बसला की बाकीची काळजी माणूस आपोआप घेतो. कायद्यालाही तो फरक कळतो. ॲक्युपंक्चरच्या सुया एफडीएने, म्हणजे केंद्राच्या औषध प्रशासनाने, १९९६ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या सगळ्यात कडक क्लास ३ मधून क्लास २ मध्ये आणल्या, एकदाच वापरायच्या, निर्जंतुक, आणि राज्याने पात्र ठरवलेल्या प्रॅक्टिशनरच्याच हातात, अशा अटींवर. हायपोडर्मिकला त्या निर्णयाचा काडीचा आधार नाही, तिच्यासाठी तुम्हाला राज्याच्या नियमाकडेच यावं लागतं.

आता सिरिंजमधलं. इथे जरा वेळ घालवतो, कारण कॉलेजात हे कुणी धड सांगत नाही.

बी-१२ घ्या. नियमात "पोषक द्रव्यं" आहेत, बी-१२ त्यात बसतं, म्हणजे द्यायला हरकत नाही. पण सायनोकोबालामिनचं इंजेक्शन अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनवर मिळणारं औषध आहे. भारतात मेडिकलमध्ये जाऊन ॲम्प्यूल मागितलं आणि पिशवीत घालून मिळालं, तो प्रकार इथे नाही. मग तुम्ही ते आणणार कुठून? लायसन्स असलेल्या होलसेलरकडून, जो तुमच्या लायसन्सची कॉपी मागेल आणि त्याच्या कागदांप्रमाणे एपीला विकता येतं की नाही ते ठरवेल. काही विकतात, काही सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं की लोक काय करतात, तर ओळखीच्या डॉक्टरच्या नावावर मागवतात नाहीतर ऑनलाइन कुठूनतरी, आणि त्याहून वाईट म्हणजे सुट्टीत भारतात गेलं की बॅगेत मिथिलकोबालामिनचे (बी-१२ चाच एक प्रकार) बॉक्स भरून आणतात. हे करू नका. एफडीएने मान्य न केलेलं औषध पेशंटसाठी देशात आणणं हा सरळ केंद्राच्या कायद्याचा भंग आहे, मग ते औषध कितीही चांगल्या कंपनीचं असो आणि तुमच्या सासूबाईंना त्याने कितीही बरं वाटलेलं असो. चीनमधून येणारी हर्बल इंजेक्शनं, तीच गोष्ट. राज्याचा नियम "औषधी वनस्पती" म्हणतो म्हणून ते ॲम्प्यूल कायदेशीर होत नाही.

मिथिलकोबालामिनच हवं असेल तर इथे ते कंपाउंडिंग फार्मसीतून, म्हणजे औषध स्वतः मिसळून बनवणाऱ्या फार्मसीतून येतं, आणि तिथेही दोन प्रकार आहेत. केंद्राच्या कायद्यातलं कलम ५०३ए म्हणजे एका ठराविक पेशंटच्या नावाने प्रिस्क्रिप्शन, आणि ती प्रिस्क्रिप्शन लिहायचा अधिकार ज्याला राज्याने दिलाय त्यानेच लिहायची. आपल्या कायद्यात "प्रिस्क्रिप्टिव्ह राइट्स" हा शब्द आहे खरा, पण वाचून बघा, तो ॲक्युपंक्चरच्या कामातल्या सुया आणि उपकरणांबद्दल आहे, आणि हा शब्द दाखवून औषधं लिहिता येतात असं सांगणारे महाभाग दर सेमिनारला एक तरी भेटतात. ५०३बी म्हणजे आउटसोर्सिंग फॅसिलिटी, तिथून क्लिनिकला स्टॉक म्हणून घेता येतो. ही दुसरी व्यवस्था आली २०१३ च्या कायद्याने, आणि तो कायदा का आला तेही माहीत असू द्या. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका कंपाउंडिंग फार्मसीतून बुरशी असलेली स्टिरॉइडची व्हायल २० राज्यांत गेली, साडेसातशेच्या आसपास लोक आजारी पडले, ६० हून जास्त गेले. फ्लोरिडातही पेशंट होते. देणाऱ्या डॉक्टरांकडे लायसन्स होतं, हात निर्जंतुक होते, सगळं बरोबर होतं, फक्त बाटलीत जे होतं ते खराब होतं. त्यामुळे व्हायल कुठून आली, लॉट नंबर काय, हे पेशंटच्या चार्टमध्ये लिहायचा कंटाळा करू नका. रिकॉल आला तर त्या एका ओळीवर तुम्ही कुणाकुणाला फोन करायचा ते ठरतं.

होमिओपॅथिकमध्ये तर अजून मजा आहे. आपल्या नियमात होमिओपॅथिक हा शब्द ठळक आहे, २००२ पासून फ्लोरिडातले एपी गुडघ्याला, कमरेला, मानेला ही इंजेक्शनं देतायत, त्यावरच सगळे सेमिनार उभे राहिले. आणि एफडीए म्हणते की होमिओपॅथिक म्हणून लेबल लावलेली इंजेक्शनं ही मान्यता नसलेली औषधं आहेत. जून २०२० मध्ये अशा चार कंपन्यांना वॉर्निंग लेटर गेली. डिसेंबर २०२२ च्या अंतिम मार्गदर्शनात एफडीएने कुठल्या होमिओपॅथिक मालावर आधी कारवाई करायची ते सांगितलं, त्यात इंजेक्शन आहे, कारण गोळी पोटातून जाते तेव्हा शरीराचे बचाव मध्ये असतात, सुई ते ओलांडून थेट आत जाते. तर आता राज्य म्हणतंय दे, केंद्र म्हणतंय हा माल बाजारात असायलाच नको. अशा वेळी प्रॅक्टिशनरने काय करावं? मी स्वतः ती वापरणं बंद केलं, कारण उद्या पेशंटला गाठ आली, गळू झालं, तर त्याचा वकील माझा ६० तासांचा कागद बघणार नाही, तो बाटलीचं लेबल बघणार. इथले कितीतरी चांगले लोक अजून वापरतात, त्यांचं त्यांच्यापाशी, पण तुम्ही सुरुवात करताय तर हे माहीत असून करा.

लिडोकेन. याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. नियमातली यादी परत वाचा: वनस्पती, होमिओपॅथिक, पोषक द्रव्यं. लिडोकेन यातलं कुठलं आहे? कॉलेजात जो म्हणाला की चालतं, त्याला म्हणावं नियमातली ओळ दाखव. "ॲक्युपंक्चर ॲनेस्थेशिया" हा शब्द नियमात आहे म्हणून लोकल ॲनेस्थेटिक चालतं असा एक युक्तिवाद फिरतो, पण तो उद्देश आहे, द्रव्याची परवानगी नाही. प्रोकेनचंही तेच. स्टिरॉइड, बोटॉक्स, फिलर, यांचा तर विचारच नको. पीआरपी म्हणजे पेशंटचंच रक्त काढून, फिरवून, परत टोचायचं, तेही हल्ली जोरात आहे आणि यादीत त्याचं नाव नाही. आणि आयव्ही ड्रिप, ते "इम्युनिटी बूस्ट" वगैरे, नियमानेच बाहेर ठेवलंय, शिरेतून नाही म्हणजे नाही, त्यात अर्थ काढायला जागाच नाही.

मग कुणीतरी म्हणतं की आमच्या मेड स्पाला (सौंदर्योपचाराच्या क्लिनिकला) एमडी आहेत, त्यांची सही असली की चालतं. इथे थांबून विचार करा. एमडींच्या हाताखाली त्यांनी सोपवलेलं काम करताना तुम्ही एपी म्हणून काम करताय की अजून कुठल्या भूमिकेत? ती भूमिका त्यांच्या कायद्यात बसते का, तुमचा विमा ती धरतो का? तुमच्या एपी लायसन्सची कक्षा दुसऱ्याच्या सहीने वाढत नाही. नोकरीची ऑफर चांगली असेल तर हेल्थकेअरच्या वकिलाकडून लेखी मत घ्या, दोन-तीनशे डॉलर जातील, जाऊ द्या. मेडिकल डायरेक्टर महिन्यातून एकदा येऊन सही करून जातात आणि बाकी दिवस रिसेप्शनिस्ट पेशंटला "हे आमचे डॉक्टर" म्हणून तुमच्याकडे पाठवते, अशा जागी अजिबात जाऊ नका. तुमच्या नावामागे बीएएमएस आहे, त्यामुळे तुमच्याबाबतीत हा घोळ जास्तच सोपा होतो, कार्डावर आणि वेबसाइटवर एपी स्पष्ट लिहा.

क्लिनिकची तयारी. हे लायसन्सच्या अर्जात कुणी विचारत नाही पण इन्स्पेक्शनला माणूस आला की आधी इथेच बघतो. फ्लोरिडात बायोमेडिकल वेस्टचा वेगळा नियम आहे, ६४ई-१६. महिन्याला २५ पाउंडांच्या आत कचरा असणाऱ्या छोट्या क्लिनिकला परमिट आणि त्याच्या फीतून सूट मिळते, पण लेखी ऑपरेटिंग प्लॅन आणि स्टाफचं दरवर्षीचं ट्रेनिंग यातून सूट नाही, आणि तो प्लॅन फाइलमध्ये लागतो, "डोक्यात आहे" चालत नाही. शार्प्सचा, म्हणजे वापरलेल्या सुयांचा, लाल डबा भरला की ३० दिवसांत गेला पाहिजे. आमच्या धंद्यात डबा भरायलाच वर्ष लागतं कारण बारीक सुया जागा खात नाहीत, पण सिरिंज टाकायला लागलात की तो भराभर भरतो, मग पिकअप कंपनीशी आधीच ठरवून ठेवा. घरच्या केराच्या पिशवीत एक सिरिंज सापडली तर शेजारी आधी पोलिसांना फोन करतील.

मल्टिडोज व्हायल उघडली की त्याच क्षणी लेबलवर मार्करने उघडल्याची आणि फेकायची तारीख घालायची, २८ दिवस, कंपनीने त्याहून कमी दिले असतील तर तेवढेच. माझ्या क्लिनिकमध्ये तारीख नसलेली व्हायल सापडली तर ती निम्मी भरलेली असली तरी डब्यात जाते, त्यावर चर्चा नाही. सिंगल डोज व्हायल ही एका पेशंटला एकदाच, उरलेलं दुसऱ्याला नाही, कितीही हळहळ वाटली तरी. एक सुई, एक सिरिंज, एक वेळ, हे सीडीसी, म्हणजे केंद्राची रोगनियंत्रण संस्था, वर्षानुवर्षं सांगतंय आणि तरी "सुई बदलली, सिरिंज तीच" करणारे सापडतात. पेशंटच्या खोलीत व्हायल न्यायची नाही, औषध बाहेर स्वच्छ जागी भरायचं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. स्टाफ असेल तर ओशाचा (केंद्राच्या कामगार-सुरक्षा खात्याचा) रक्तातून पसरणाऱ्या जंतूंबद्दलचा नियम लागू होतो, एक्सपोजर कंट्रोल प्लॅन लेखी हवा आणि हिपॅटायटिस बीची लस तुमच्या खर्चाने देऊ करावी लागते. भारतात शिकलेल्या आपल्या लोकांना यातली बरीच कलमं अति वाटतात. इन्स्पेक्टरला वाटत नाहीत.

पॉइंटबद्दल एकच सांगतो. खांद्यावरचा जीबी २१, जियानजिंग, मान दुखली की सगळ्यांचा लाडका. त्याच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. बारीक सुईने न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा भरून ते दबणं) होतो हे सगळ्यांनी वाचलेलं असतं, हायपोडर्मिकची धार कापणारी असते आणि तुम्ही वर दट्ट्या दाबताय म्हणजे हात हलतो. तिथे मी स्नायू चिमटीत वर उचलतो, अर्ध्या इंचाची ३० गेजची सुई आडवी घालतो, आधी दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना बघतो, आणि पाव ते अर्धा एमएलच्या वर सोडत नाही. बारीक, सडपातळ पेशंट असेल तर तिथे इंजेक्शनच देत नाही, दुसरे पॉइंट आहेत की. ॲलर्जीचा इतिहास विचारताना "औषधाची ॲलर्जी आहे का" एवढ्यावर थांबू नका, कोबाल्टची विचारा, म्हणजे नकली दागिन्यांनी, घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येतं का. बी-१ च्या इंजेक्शनलाही ॲलर्जी येते, विचारून घ्या. पहिल्या इंजेक्शननंतर पेशंटला २० मिनिटं बसवून ठेवा, पार्किंगमध्ये चक्कर येऊन पडण्यापेक्षा खुर्चीत पडलेला परवडला. ॲलर्जीच्या जोरदार झटक्यावरचं एपिनेफ्रिन जवळ ठेवायचं असेल तर तेही प्रिस्क्रिप्शनचंच औषध, ते कुठल्या परवानगीने ठेवताय हे आधी ठरवा.

दुसऱ्या राज्यांत जायचा विचार असेल तर फ्लोरिडाचा हिशोब तिथे लावू नका. वॉशिंग्टनमध्ये कायद्यातच पॉइंट इंजेक्शन आहे, तिथे २४ तासांचं ट्रेनिंग, त्यातले ८ प्रत्यक्ष, आणि द्रव्यांची यादी बंदिस्त: सलाइन, निर्जंतुक पाणी, वनस्पती, खनिजं, व्हिटॅमिन, होमिओपॅथिक, पोषक. स्टिरॉइड आणि नियंत्रित औषधं नावानिशी बाहेर. ही द्रव्यं खास इंजेक्शनसाठीच बनवलेली हवीत अशी अट त्यांनी घातलीय, मला ती फ्लोरिडापेक्षा शहाणपणाची वाटते. न्यू मेक्सिकोने वेगळाच रस्ता घेतला, तिथे डॉक्टर ऑफ ओरिएंटल मेडिसिनला "एक्स्पांडेड प्रॅक्टिस"ची वेगवेगळी सर्टिफिकेट मिळतात, बेसिक इंजेक्शन, इंजेक्शन, इंट्राव्हेनस, आणि बायोआयडेंटिकल हार्मोन, आणि प्रत्येकाला ठरलेली औषधयादी. तिथे वेगळी परवानगी खरोखरच घ्यावी लागते. आणि कॅलिफोर्निया, जिथे आपली माणसं सगळ्यात जास्त, तिथे ॲक्युपंक्चरिस्टला इंजेक्शन नाहीच. इथून तिकडे गेलेल्या एकाने जुनीच वेबसाइट ठेवली, "इंजेक्शन थेरपी अव्हेलेबल" सकट, आणि पहिलं पत्र पेशंटचं नाही, बोर्डाचं आलं.

आता नाशिकच्या भावाचं. इथलं ६० तासांचं सर्टिफिकेट त्यांना तिकडे कायद्याने काहीही देत नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरला स्वतःचा कायदा आहे, महाराष्ट्र ॲक्युपंक्चर चिकित्सा पद्धती अधिनियम, २०१५, आणि त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. असा कायदा पश्चिम बंगालने १९९६ मध्ये केला होता, आणि ते साहजिकच, कारण आपल्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांबरोबर १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉ. बिजॉय कुमार बसू कोलकात्याचे, त्यांनीच पुढे ही विद्या भारतात रुजवली. केंद्रानेही २१ फेब्रुवारी २०१९ च्या आदेशाने ॲक्युपंक्चरला स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. भावाची परिषदेत नोंदणी असेल तर ॲक्युपंक्चर करायला ते मोकळे आहेत.

पण "स्वतंत्र पद्धती" याचाच दुसरा अर्थ असा की ती ॲलोपॅथी नाही. औषधांचा कायदा तिकडेही वेगळाच चालतो, १९४५ चे औषध नियम. शेड्यूल एचमधलं औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर, आणि तो व्यावसायिक कोण हे नियम २(ईई) सांगतो. नुसत्या ॲक्युपंक्चर परिषदेच्या नोंदणीने माणूस त्या व्याख्येत बसत नाही. मेडिकलवाला ॲम्प्यूल देतो, सगळे देतात, हे काही उत्तर नाही. सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा पूनम वर्मा खटला मुंबईतलाच आहे: होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं दिली, पेशंट गेला, कोर्ट म्हणालं की ज्या पद्धतीचं शिक्षण नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, वेगळा सिद्ध करायची गरज नाही. होमिओपॅथांसाठी राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून सीसीएमपी नावाचा आधुनिक औषधांचा एक वर्षाचा कोर्स आणला, त्यावरून ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटनेशी, आयएमएशी कोर्टकचेऱ्या झाल्या. साठ-सत्तर वर्षं नोंदणी असलेल्या पद्धतीला एवढी लढाई करावी लागली, तर ॲक्युपंक्चरवाल्याने कुठल्या आधारावर सिरिंज उचलायची?

भाऊ स्वतः एमबीबीएस असतील तर प्रश्नच मिटला, ते डॉक्टर म्हणून इंजेक्शन देतायत, पॉइंट कुठला निवडला हा त्यांचा विचार. तुमच्यासारखे बीएएमएस असतील तर त्यांना राज्याचे आयुर्वेदवाल्यांसाठीचे आदेश लागू, त्याची कक्षा त्यांनी तिकडच्या परिषदेकडून लेखी घ्यावी. फक्त ॲक्युपंक्चरची नोंदणी असेल तर माझा सल्ला सरळ आहे, इंजेक्शन नको. शेजारच्या एमबीबीएसकडे पाठवा आणि कोरड्या सुईने करा, पेशंटला फरक पडेल असं मला तरी वाटत नाही. आणि हो, कोरड्या सुयांनासुद्धा तिकडे २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम लागू आहेत, सुया पांढऱ्या पारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात.

राहिला विमा. मालप्रॅक्टिस पॉलिसी घेताना एजंट फोनवर "येस येस, एव्हरीथिंग कव्हर्ड" म्हणतो. त्याला ईमेल करा: मी पॉइंट इंजेक्शन करणार, ही द्रव्यं, हे ६० तासांचं सर्टिफिकेट, हे कव्हर आहे का, कलम दाखवा. काही पॉलिसींत इंजेक्शन वेगळं जोडून घ्यावं लागतं. लायसन्स दर दोन वर्षांनी रिन्यू होतं, ३० तासांचे सीईयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे तास लागतात, त्या वेळीच विम्याचे आणि वेस्टचे कागद एकत्र काढून बघायची सवय लावा. कोर्सचं सर्टिफिकेट, तासांची फोड, सिलॅबस आणि शिकवणाऱ्याचा लायसन्स नंबर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, कारण हे कोर्सवाले दुकान बंद करून कधी गायब होतात सांगता येत नाही आणि बोर्डाने मागितल्यावर तुम्हीच दाखवायचं असतं. अर्ज करायच्या आठवड्यात ६४बी१-४.०१२ बोर्डाच्या साइटवरून ताजा काढून वाचा, नियम बदलत असतात. तुमच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये ते तास कुठे दिसत नसतील तर इथेच लिहा, कॉलेजला काय पत्र द्यायचं ते सांगतो.